आठवीला लैंगिक आरोग्य आणि नातेसंबंध शिकवायचे आहेत, ८ तासिका कशा वापराव्यात?

खडूफळा:

महापालिकेची मराठी माध्यमाची शाळा, दुपार अधिवेशन. आठवीत ४६ मुलं. २५ मुलगे, २१ मुली. दिवाळीच्या सुट्टीनंतर जानेवारीअखेरपर्यंत या विषयाला ८ तासिका मिळणार आहेत, प्रत्येकी ३५ मिनिटांच्या. हजेरी आणि बाकांची खडखड वजा केली तर हातात २८ मिनिटं राहतात. शाळा आरोग्य कार्यक्रमाचं साहित्य आहे, त्यातले ११ विषय वाचून झाले. पण ते अख्ख्या देशासाठी लिहिलेलं. कुर्ल्यातल्या वर्गात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलायचं, हे त्यात सापडत नाही.

अडलंय ते असं. शरीर आधी घ्यावं की नाती आधी? मुलगे-मुली एकत्र बसवावेत की वेगळे? प्रश्नपेटी ठेवा म्हणून सगळेच सांगतात, पण ती चालवायची कशी? पालकसभेत किती उघड बोलायचं? आणि एखादं मूल मध्येच म्हणालं की "माझ्याबरोबर असं होतंय", तर त्या मिनिटापासून काय करायचं?

"मोकळेपणाने संवाद साधा" हे उत्तर मिळालेलं आहे. त्याच्या पुढचं हवंय.

मधली_सुट्टी:

क्रमाचं आधी सांगतो. शरीरापासून सुरुवात केली की वर्ग आकृतीतच अडकतो. अत्याचारापासून केली की हा विषय म्हणजे घाबरायचा विषय, अशी गाठ बसते आणि ती सुटत नाही. पहिली अख्खी तासिका शब्दांना द्या.

एक तासिका फक्त शब्दांना का, तर घोटाळा आपल्या भाषेतच आहे. व्याकरणात 'लिंग ओळखा' आलं की मागचं बाक हसतं. त्यांचं काही चुकत नाही, कारण व्याकरणातला प्रकार, शरीराचा अवयव आणि बाई-पुरुष हा भेद, तिन्हींना आपण एकच शब्द ठेवलाय. त्यात 'स्वप्नदोष' या शब्दातच दोष आहे. पाळीला 'अडचण' म्हणायचं, नाहीतर 'विटाळ'. आणि अत्याचार झाला तर 'अब्रू गेली' ती जिच्यावर झाला तिची, ज्याने केला त्याची नाही. हे शब्द जसेच्या तसे ठेवून वर कितीही शास्त्र शिकवा, मुलांच्या कानात दोष आणि अडचणच राहते.

फळ्यावर दोन रकाने करा. डावीकडे घरात-चाळीत म्हणतात ते: कावळा शिवला, अडचण, डेट, स्वप्नदोष, खालची जागा. उजवीकडे वर्गात वापरायचे: पाळी, झोपेत वीर्य बाहेर येणं, शिश्न, वृषण, योनी, गर्भाशय, स्तन. डावा रकाना तुम्हीच भरा. मुलांकडून भरून घेतलात तर दोन मिनिटांत शिव्यांची स्पर्धा लागते आणि मुली वह्यांत तोंड खुपसतात. उजवा रकाना सगळ्यांकडून एका सुरात तीनदा म्हणून घ्या, पाढ्यासारखा. पहिल्या फेरीत हशा होईल. होऊ द्या, रागावू नका, तुम्ही हसूही नका. तिसऱ्या फेरीला आवाज सपाट होतो. दुखतंय कुठे किंवा कोणी हात लावला कुठे, हे सांगायला अवयवाचं नाव लागतं, एवढं एकच कारण वर्गाला द्या. पुरतं.

पुढच्या तासिकांची मांडणी साधारण अशी: दुसऱ्या तासिकेत वयात येतानाचे बदल, तिसरीत पाळी आणि मुलग्यांमधले बदल, चौथीत मैत्री आणि आकर्षण, पाचवीत 'नाही' म्हणणं आणि 'नाही' ऐकणं, सहावीत मोबाइल, सातवीत सुरक्षितता आणि कायदा, आठवी उरलेल्या चिठ्ठ्यांसाठी. सहल, स्नेहसंमेलन, सरावचाचणी यांत एक तासिका हमखास जाणार, म्हणून चौथी आणि सहावी जोडता येतील अशा ठेवा. पाचवीला मात्र हात लावू नका.

पाचवी तासिका अशी घ्या. तिघातिघांचे गट: एक मागणारा, एक नकार देणारा, एक फक्त बघणारा. दर तीन मिनिटांनी भूमिका बदलायच्या, म्हणजे ९ मिनिटांत सगळे सगळीकडून जातात. मागणी साधी द्या: "तुझा मोबाइल दोन मिनिटं दे", "क्लास बुडवून माझ्याबरोबर चल", "इन्स्टाचा पासवर्ड सांग, विश्वास नाही का?" प्रेमाचा प्रसंग दिलात की लगेच पिक्चर सुरू होतो, मुलगा गुडघ्यावर बसतो आणि वर्ग शिट्ट्या मारतो. मुलगा मागणार आणि मुलगी नाकारणार अशी वाटणीही करू नका.

इथे बहुतेक ठिकाणी अर्धाच धडा होतो. 'नाही' कसं म्हणायचं हे शिकवून तास संपतो, जणू नकार नीट दिला नाही हीच अडचण होती. खरा धडा नकार ऐकणाऱ्याचा. ऐकल्यावर पुढचं वाक्य काय, ते फळ्यावर लिहा: "ठीक आहे." पूर्णविराम. त्यापुढे "का?", "पण मग काल हसलीस कशाला?", "एकदाच" यातलं काहीही आलं, तर बघणाऱ्याने बोट वर करायचं. गटातली बोटं मोजा. पहिल्या फेरीत बहुतेक गटांत बोट वर जातंच, आणि मुलांना स्वतःलाच कळतं की आपण विचारत नाही, रेटतो. गप्प बसणं म्हणजे हो नाही, आधी दिलेला हो नंतर मागे घेता येतो, आणि घाबरून दिलेला हो हा हो नसतोच; या तीन गोष्टी याच तासाला सांगा, त्या पासवर्डच्या उदाहरणावरच. वेगळं व्याख्यान नको.

चौथ्या तासिकेत मत्सराला प्रेम समजण्यावर वेळ घाला. "लास्ट सीन का बंद केलंस", "त्याच्याशी बोलू नकोस", "फोटो काढून टाक": हे काळजी करणं आहे की नजर ठेवणं, यावर हात वर करून मत घ्या. एकमत होणार नाही, व्हायला नकोच.

मुंबईत हे काम नवं नाही. २००८ ते २०१० दरम्यान मुलगे-मुली समानतेवरचा 'जेम्स' हा प्रकल्प महापालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलांबरोबर झाला. कोरो, आयसीआरडब्ल्यू आणि टीआयएसएस या संस्था त्यात होत्या. काही शाळांत फक्त मोहीम, काहींत मोहीम आणि वर्गातले गटकाम दोन्ही. दोन्ही झालेल्या शाळांत मुलांच्या विचारांतला फरक जास्त दिसला. पोस्टर लावून भागत नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

पांढरा_कोट:

दुसरी आणि तिसरी तासिका आकड्यांनी शिकवा. आकडा सांगितला की कुजबुज ओसरते.

वयात येण्याची सुरुवात मुलींमध्ये ८ ते १३ वर्षांदरम्यान, मुलग्यांमध्ये ९ ते १४. म्हणजे आठवीच्या एकाच बाकावर एकाचं सगळं होऊन गेलेलं आणि शेजाऱ्याचं सुरूही झालेलं नाही, हे दोन्ही बरोबर. हे वाक्य आधी बोला, कारण मुलांची निम्मी धास्ती "माझंच असं का?" हीच असते. मुलीच्या स्तनांची वाढ १३ पर्यंत सुरू नाही किंवा पाळी १५ पर्यंत आली नाही, मुलग्यात १४ पर्यंत कसलाच बदल नाही, तर डॉक्टरांना दाखवायचं. त्याआधी नाही.

पाळीत रक्त किती जातं, हे विचारून बघा. वर्ग बादलीपर्यंत पोचतो. ५ मिलीचा औषधाचा चमचा, पाण्यात खायचा लाल रंग आणि एक पॅड घेऊन जा. अख्ख्या पाळीत सरासरी ३० ते ४० मिली जातं, म्हणजे सहा ते आठ चमचे, तेही चार-पाच दिवसांत मिळून. चमचे मोजत पॅडवर ओता. दुसऱ्या चमच्यालाच डाग तळहाताएवढा पसरतो आणि "एवढंसंच होतं ना?" हा प्रश्न येतो. पाणी पातळ असतं, रक्त दाट, त्यामुळे पॅडवर ते थोडं वेगळं पसरतं, हेही सांगून टाका. नाहीतर मुली घरी जाऊन ताडून बघतात आणि बाई खोटं बोलल्या म्हणतात. ८० मिलीच्या वर गेलं, सात दिवसांपेक्षा जास्त चाललं, किंवा तासातासाला पॅड बदलावं लागलं तर दवाखाना. पोटात इतकं दुखतं की शाळा बुडते, तेही दाखवण्यासारखं. "बायकांना दुखतंच" हे उत्तर नाही. पहिली काही वर्षं दोन पाळ्यांमध्ये २१ पासून ४५ दिवसांपर्यंत अंतर असू शकतं. २८ चा आकडा फळ्यावर लिहिलात तर निम्म्या मुली स्वतःला आजारी समजतील.

पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं. दुपार अधिवेशन संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटतं, म्हणजे एक बदल शाळेतच येतो. तेव्हा शिकवण्याआधी मुलींच्या शौचालयात जाऊन बघा: कडी लागते का, पाणी आहे का, झाकणाचा डबा आहे का, जुनी वर्तमानपत्रं ठेवलीत का. कडी नसेल तर तासिकेत सांगितलेल्या स्वच्छतेला काही अर्थ नाही. धुण्यासाठी साधं पाणी, बाहेरून. सुगंधी द्रव, आतून साबण, काही नको.

शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी या तासाला जोडा. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड असतं. उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि पुढच्या आठवड्यात गोळी खिडकीबाहेर जाते, म्हणून खिचडीनंतरच द्या. शौचाला काळं होतं, ते लोहामुळे. गोळी मुलग्यांनाही आहे. "ती मुलींची" हा समज तिथेच मोडा.

मुलग्यांना जे कोणीच सांगत नाही ते एक: वृषणात अचानक, जोरात दुखायला लागलं, सोबत उलटी, तर ती लाजायची वेळ नाही. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर ते बहुतेक वाचतं. मुलं लाजेने रात्र काढतात आणि तिथेच नुकसान होतं. बाकी, एक वृषण दुसऱ्यापेक्षा खाली असणं नेहमीचं. वयात येताना मुलग्यांच्या छातीत गाठीसारखी सूज येते, तीही बहुतेकांची वर्ष-दोन वर्षांत जाते. त्यावरून चिडवणं वर्गात चालू असेल तर नाव न घेता हे सांगितलं की थांबतं. झोपेत वीर्य बाहेर येणं हा आजार नाही. हस्तमैथुनाने उंची, ताकद, स्मरणशक्ती यांतलं काहीही कमी होत नाही. लोकलच्या डब्यात आणि स्टेशनच्या भिंतीवर 'गुप्तरोग, कमजोरी, खात्रीशीर इलाज' अशी जी पत्रकं चिकटवलेली असतात, त्यांचा सगळा धंदा या एका भीतीवर चालतो. वर्गाने ती पत्रकं रोज पाहिलेली असतात, त्यामुळे उदाहरण लगेच पोचतं.

एचआयव्हीला वेगळा तास नको. चार मार्ग: असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित सुई, दूषित रक्त, आईकडून बाळाला. डबा, डास, मिठी, लोकलची कडी यांतून नाही. चाचणी सरकारी आणि पालिका रुग्णालयांतल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि चाचणी) केंद्रात मोफत होते, १८ खाली पालकांची संमती लागते. माहितीसाठी १०९७ ही हेल्पलाइन. किशोरवयीनांसाठीची 'मैत्री' क्लिनिकं १० ते १९ वयासाठी आहेत. जवळचं कुठलं, कोणत्या दिवशी, किती वाजता, हे स्वतः जाऊन विचारून मग पत्ता वर्गात लावा. बंद दारावर पाठवलेलं मूल पुन्हा जात नाही.

चिठ्ठीपेटी:

प्रश्नपेटीचं मी सांगते. पेटी फसते ती तीन गोष्टींमुळे: कागद, अक्षर आणि वेळ.

वहीचं पान फाडून चिठ्ठी लिहिली की कोणाच्या वहीचं ते कळतं. म्हणून पाठकोऱ्या ए-फोर कागदाचे आठ तुकडे करा, सगळे सारखे. ४६ मुलांना सहा कागद पुरतात. सगळ्यांनी शिसपेन्सिलच वापरायची. आणि प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर "प्रश्न नाही" असं तीनदा लिहायचं, म्हणजे हात हलायचा वेळ सारखा दिसतो. नाहीतर जो लिहितोय त्याच्याकडे चाळीस डोळे वळतात. चार मिनिटं द्या, घडी दोनदा, पेटी बाकांवरून फिरवा. पेटी म्हणजे बुटांचा खोका, झाकण चिकटपट्टीने बंद. व्हरांड्यात कायम टांगलेली तक्रारपेटी यासाठी वापरू नका; तिथे जाणारा सगळ्यांना दिसतो.

अक्षराचं मात्र प्रामाणिकपणे सांगा. तुम्ही रोज वह्या तपासता, तुम्हाला अक्षर ओळखू येतं, आणि हे मुलांना माहीत असतं. शक्य असेल तर आठवीच्या चिठ्ठ्या नववीच्या बाईंनी वाचाव्यात आणि नववीच्या तुम्ही. शाळा आरोग्य कार्यक्रमात शाळेत प्रशिक्षित शिक्षक दोन असतात ते इथे कामाला येतात.

उत्तरं त्याच तासाला देऊ नका. घरी चिठ्ठ्यांचे चार ढीग करा. माहितीचे प्रश्न. मनाचे प्रश्न, म्हणजे आवडणं, भांडण, चिडवणं. मुद्दाम फजिती करायला लिहिलेले. आणि चौथा ढीग, ज्यात कोणालातरी त्रास होतोय असं दिसतं. पहिले दोन पुढच्या तासाला, शब्द बदलून. "माझी बहीण नववीत आहे आणि तिला..." असा प्रश्न जसाच्या तसा वाचलात तर बहीण कोणाची ते वर्ग शोधून काढतोच. फजितीचे प्रश्न टाकून देऊ नका. शिवी काढा, आत खरा प्रश्न असतो, त्याचं सरळ उत्तर द्या. पुढच्या वेळी असे कमी येतात. स्वतःबद्दल काही विचारलं ("टीचर, तुमचं लव्ह मॅरेज का?") तर ठरलेलं वाक्य: "वर्गात कोणाचंच खाजगी बोलायचं नाही, माझंही नाही." हा नियम पहिल्या तासालाच फळ्यावर हवा.

उत्तराची लांबी तीन वाक्यं. "कंडोम म्हणजे काय?" याला: "रबराचं पातळ आवरण. मोठी माणसं गर्भ राहू नये आणि संसर्ग होऊ नये म्हणून वापरतात. मेडिकलमध्ये आणि सरकारी दवाखान्यात मिळतं." झालं. वीस मिनिटं बोललात तर वर्गाला वाटतं बाईंना हा विषय आवडतो, आणि दोन शब्दांत उडवलंत तर वाटतं काहीतरी लपवतायत.

चौथ्या ढिगातली चिठ्ठी फाडू नका. ती वेगळ्या पाकिटात, तारीख घालून. पुढचं कायदेवाल्यांनी सांगावं.

कलम_एकोणीस:

मी सांगतो, कारण इथे चूक महाग पडते.

पहिल्या तासाच्या नियमांत "इथलं कुणालाही सांगणार नाही" हे वाक्य घालू नका. तुम्हाला ते पाळता येणार नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२, कलम १९: मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची शक्यता वाटली तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दलची गोष्ट दाबली तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. म्हणून वाक्य असं ठेवा: "तुम्ही सांगितलेलं मी गावभर करणार नाही. पण कोणी तुम्हाला त्रास देत असेल तर तो थांबवण्यासाठी ज्यांना सांगावं लागतं त्यांना मी सांगेन, आणि तुम्हाला आधी कळवून सांगेन."

मूल बोलायला लागलं तर हातातलं काम खाली ठेवा, बाकीच्यांपासून बाजूला घ्या, पण बंद खोलीत नको. ऐका. विचारायचं ते एवढंच: "मग काय झालं?" आणि "आता घरी जायला भीती वाटते का?" 'त्याने इथे हात लावला का?' असे उत्तर आत दडलेले प्रश्न नकोत. पुढे कोर्टात "शिक्षकाने शिकवलं" असं म्हणायला जागा मिळते. 'तेव्हाच का नाही सांगितलंस' तर अजिबात नको. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही", एवढं बोला. मग अर्ध्या तासाच्या आत मुलाचेच शब्द, त्याच्याच बोलीत, तारीख-वेळ-जागेसह लिहून काढा. 'काकाने चड्डीत हात घातला' असं मूल म्हणालं असेल तर तसंच. 'अश्लील वर्तन केले' असं शुद्ध करू नका.

त्यानंतर मुख्याध्यापक, आणि त्याच दिवशी पोलीस ठाणे. १०९८ ला फोन केला तर बालसाहाय्य यंत्रणेचा माणूस सोबतीला मिळू शकतो. लैंगिक अत्याचार पाच दिवसांच्या आतला असेल तर घाई करा, आणि ७२ तासांच्या आतला असेल तर दवाखाना आधी: एचआयव्ही टाळण्याचं औषध ७२ तासांच्या आतच सुरू करावं लागतं. शाळेने आधी स्वतःची चौकशी समिती बसवायची, आरोपीला समोर बोलवायचं, दोन्ही पालकांना बसवून 'मिटवायचं', हे सगळं चूक. आरोपी घरातलाच असेल तर घरी फोन करण्याआधी पोलिसांशी बोला. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यात घ्यायचा असतो. हे माहीत असलं की शाळेच्या ऑफिसात गणवेशातले चौघे येऊन बसत नाहीत. कायदा मुलग्यांनाही तितकाच लागू आहे. चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर कारवाई होत नाही, तेही त्याच कलम १९ मध्ये आहे.

निनावी चिठ्ठी असेल तर? अक्षर शोधत वर्गभर फिरू नका. मुख्याध्यापक आणि समुपदेशक यांना लेखी कळवा आणि पुढच्या तासाला सगळ्या वर्गाला सांगा: "एका चिठ्ठीबद्दल मला बोलायला आवडेल. मी रोज सुट्टीत ग्रंथालयात असते." जागा आणि वेळ नक्की हवी. चिठ्ठीत नाव, जागा, माणूस असं काही स्पष्ट असेल तर वाट बघायची नाही.

मोबाइलच्या तासात दोन गोष्टी. १८ खालच्या कोणाचा नग्न फोटो काढणं, पाठवणं, ठेवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. असं साहित्य नुसतं साठवून ठेवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात कडक भूमिका घेतली, आणि त्याला 'पोर्नोग्राफी' म्हणू नका, ते मुलाचं शोषण आहे, असंही सांगितलं. दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी: असा फोटो वर्गात फिरतोय असं कळलं तर 'पुरावा' म्हणून स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. तो पाठवणं हाच गुन्हा. खात्याचं नाव, वेळ कागदावर लिहा, मोबाइल पोलिसांकडे द्या. ऑनलाइन तक्रारीसाठी cybercrime.gov.in आहे.

आणि १८ खाली लैंगिक संबंधाला दिलेली संमती कायदा मानत नाही, दोघं सतरा-सतराचे असले तरी. हे मुलांना धमकी म्हणून नको, माहिती म्हणून सांगा. चौदाव्या वर्षी कोणी आवडणं हा गुन्हा नाही, हेही त्याच वाक्यात.

पालकसभा_रविवारी:

पालकांचा विरोध आला की लोक गोंधळतात, पण याला इतिहास आहे. २००५ च्या किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमाला २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत विरोध झाला, मुख्यतः चित्रांवरून. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही शाळांत लैंगिक शिक्षण नको असंच म्हटलं. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्व्यांनी याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गमावली. गणिताचे प्राध्यापक होते. तेव्हा चार पालक चिडले तर मनावर घेऊ नका.

सभा रविवारी सकाळी ११ ला किंवा आठवड्यात संध्याकाळी सातनंतर. दुपारी ३ ला बोलावलंत तर घरकामाला जाणाऱ्या आया येणार नाहीत आणि रिक्षावाले बापही नाहीत. मग "पालकांनी संमती दिली" याला अर्थ नाही. आधी शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात विषय नोंदवून घ्या. सभेत भाषण नको; आठही तासिकांचा एक पानी आराखडा आणि वापरणार ती प्रत्येक आकृती टेबलावर पसरा. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये प्रजननसंस्था, मासिक पाळी, लैंगिक आरोग्य हे सगळं छापलेलंच आहे, ते पान उघडून ठेवलं की "हे काय नवीन?" थांबतं. चित्रं न दाखवता "विश्वास ठेवा" म्हटलंत, की दुसऱ्या दिवशी भलत्याच चित्राचा फोटो पालकांच्या ग्रुपवर फिरतो.

"यानेच पोरं नको ते करतील" याला उत्तर: युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत जगभरचे अभ्यास पाहून म्हटलंय की अशा शिक्षणाने मुलांचे लैंगिक संबंध वाढत नाहीत. पण पालकांना युनेस्कोपेक्षा "तुमच्या मुलाच्या हातात मोबाइल आहे, तिथे त्याला कोण शिकवतंय?" हे जास्त कळतं.

मुलगे-मुली वेगळे बसवायचं मात्र माझं मत मधली_सुट्टीच्या मांडणीपेक्षा थोडं निराळं आहे, तिथे सगळे तास एकत्रच धरलेत. तिसरी तासिका वेगळी घ्या. मुली मुलग्यांसमोर डागाबद्दल विचारणार नाहीत.

मधली_सुट्टी:

तिसरी वेगळी चालेल, पण दोन्ही खोल्यांत तोच मजकूर. मुलग्यांनाही पॅड आणि चमचे दाखवा. मुलींना पाळी आणि मुलग्यांना क्रिकेट अशी वाटणी केली की चिडवणं तिथूनच सुरू होतं. २० मिनिटं वेगळे आणि शेवटची ८ मिनिटं एकत्र. "मुलीच्या ड्रेसला डाग दिसला तर काय करायचं?" हा एकच प्रश्न एकत्र असताना विचारा. उत्तर फळ्यावर येऊ द्या: स्वेटर किंवा ओढणी द्यायची, बाईंना हळूच सांगायचं, मोबाइल खिशात.

खडूफळा:

खूप उपयोग झाला. चमचे आणि शिसपेन्सिली आजच यादीत. एक राहिलं: "मला एक मुलगी आवडते पण ती दुसऱ्या जातीची आहे, घरचे मारतील" अशी चिठ्ठी आली तर? मनाच्या ढिगात की चौथ्या?

चिठ्ठीपेटी:

शेवटचे दोन शब्द वाचा. 'घरचे मारतील' हा अंदाज असेल तर मनाच्या ढिगात. 'मारलं' असेल तर चौथ्या. शंका असेल तर चौथ्या. वर्गात उत्तर देताना जात बाजूला ठेवू नका, मुलं ती ठेवत नाहीत. "आवडणं जात बघून होत नाही आणि त्यात गैर काही नाही. चौदाव्या वर्षी लग्नाचा, पळून जाण्याचा कसलाही निर्णय घ्यायची घाई नसते. आणि मारहाणीची भीती वाटत असेल तर आमच्यापैकी एकीला सांग, किंवा १०९८." इथेही तीनच वाक्यं. १०९८ हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात खडूने नको, पुसला जातो. दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून घ्या, मुलाच्या नजरेच्या उंचीवर.